न पाहिलेल्या चित्रपटाचा गल्ला

ओपनिंग वीकेंड म्हणजे चित्रपट लागल्यापासूनचे पहिले तीन दिवस: शुक्रवार, शनिवार आणि रविवार. सुट्टी जोडून आली की तिनाचे चार होतात, आणि निर्मात्याच्या मनात आले तर पाचही. 'पठाण' २०२३ साली २५ जानेवारीला, बुधवारी लागला आणि त्याचा वीकेंड बुधवारी सुरू होऊन रविवारी संपला. आठवड्यातले पाच दिवस सुट्टी आणि दोन दिवस काम ही मागणी आजवर कोणत्याही कामगार संघटनेला लावून धरता आली नाही. इथे ती एका पोस्टरवर मंजूर झाली. या दिवसांत तिकीटबारीवर किती गल्ला जमेल ते आधी सांगून ठेवणे हा मुंबईत बऱ्यापैकी प्रतिष्ठेचा उद्योग आहे. एकाच शुक्रवारी दोन मोठे चित्रपट समोरासमोर यायचे असतील, तर या उद्योगाला सुगी येते.

या गल्ल्याची एक गंमत आहे. शुक्रवारी सकाळच्या खेळाला जाणाऱ्याने चित्रपट पाहिलेला नसतो. शनिवारी जाणाऱ्याने तिकीट बहुधा बुधवारीच काढलेले असते, म्हणजे त्यानेही नाही. रविवारी संध्याकाळी सहकुटुंब निघालेल्या गृहस्थाला शेजाऱ्याने 'नका जाऊ' असे सांगितलेले असते, पण तोवर मुलांचे कपडे घालून झालेले असतात. सारांश, पहिल्या तीन दिवसांची कमाई ही न पाहिलेल्या चित्रपटाची कमाई असते. चित्रपट चांगला आहे की वाईट, ही माहिती या भाकितासाठी जवळजवळ निरुपयोगी असते. भाकीत करणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे ती नसतेही, त्यामुळे त्यांचे काही अडत नाही.

धंद्याला पूर्वी असल्या भाकिताची गरज नव्हती. चित्रपटाची उंची आठवड्यांत मोजत. पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव, पन्नास चालला की सुवर्णमहोत्सव. दादा कोंडके यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. त्या हिशेबात पहिल्या तीन दिवसांना कोण विचारणार? १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला, तेव्हा सुरुवातीचा प्रतिसाद थंड होता. धंद्यातल्या जाणकारांनी माना हलवल्या. शेवट बदलून अमिताभला जिवंत ठेवावे काय, यावरही खल झाला. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या 'जय संतोषी माँ'ला आरंभी प्रेक्षक हुडकावे लागले आणि मग ते चपला बाहेर काढून थिएटरात शिरू लागले. ज्यांनी माना हलवल्या होत्या, त्यांपैकी कोणी धंदा सोडल्याची नोंद सापडत नाही. ही परंपरा आजही शाबूत आहे.

घाईची सुरुवात त्याच वर्षी अमेरिकेत झाली. जून १९७५ मध्ये 'जॉज' टीव्हीवर जाहिरातींचा मारा करून एकदम चारशेहून अधिक पडद्यांवर लावला गेला, आणि लोकांना विचार करायला वेळ न देण्यात पैसा आहे हे हॉलीवूडच्या ध्यानात आले. भारतात ही घाई मल्टिप्लेक्सबरोबर आली. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचे वाटणीवरून बिनसले आणि एप्रिलपासून दोन महिने मल्टिप्लेक्सना नवे मोठे हिंदी चित्रपट मिळाले नाहीत. जूनमध्ये तडजोड झाली. निव्वळ गल्ल्यातला निर्मात्याचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के. म्हणजे प्रेक्षक जितका निवांतपणे येईल तितका तो निर्मात्याच्या कमी उपयोगाचा. परीक्षणे वाचून, चार ओळखीच्यांना विचारून, तिसऱ्या आठवड्यात शांतपणे येणारा सुजाण रसिक सांस्कृतिक संमेलनांत फार वाखाणला जातो; हिशेबाच्या वहीत तो साडेबारा टक्क्यांनी तोट्याचा असतो.

आता भाकीत कसे करतात ते पाहू. मूळ गणित साधे आहे. पडदे गुणिले दिवसाचे खेळ, गुणिले खुर्च्या, गुणिले भरलेल्या खुर्च्यांचे प्रमाण, गुणिले तिकिटाचा सरासरी दर. समजा एखादा चित्रपट ३,००० पडद्यांवर लागला, रोज चार खेळ झाले, प्रत्येक खेळाला २५० खुर्च्या आहेत, ३० टक्के भरल्या आणि तिकीट सरासरी २०० रुपये पडले. दिवसाला खुर्च्या झाल्या ३० लाख, माणसे आली ९ लाख, गल्ला झाला १८ कोटी. त्यातून शंभर रुपयांवरच्या तिकिटाला लागणारा १८ टक्के जीएसटी काढला की निव्वळ सुमारे सव्वापंधरा कोटी उरतात. (जुलै २०१७ पूर्वी महाराष्ट्रात करमणूक कर ४५ टक्के होता, तेव्हा ढोबळ आणि निव्वळ यांत भलतेच अंतर पडे.) पडदे, खेळ, खुर्च्या आणि दर हे चार आकडे कोणालाही चौकशी करून मिळतात. राहिला पाचवा: खुर्च्या किती भरतील? म्हणजे किती माणसे येतील हे काढण्यासाठी किती माणसे येतील हे ठाऊक असावे लागते. हा आकडा जाणकार अनुभवाने ठरवतो. ३० टक्क्यांऐवजी २५ धरले तर उत्तर पावणेतेरा कोटी येते आणि ३५ धरले तर पावणेअठरा. म्हणून प्रसिद्ध होणारे भाकीत 'तेरा ते अठरा कोटी' असे असते, आणि ते बरोबर आले की सोमवारी त्याचा अभिमानाने उल्लेख होतो.

दोन चित्रपट एकाच दिवशी येतात तेव्हा लढाई प्रेक्षकांसाठी आहे असे वाटते. ती प्रत्यक्षात वरच्या गणितातल्या पहिल्या दोन आकड्यांसाठी असते. प्रेक्षक शुक्रवारी येतो. पडदे आणि खेळ यांची वाटणी त्याआधीच मंगळवार-बुधवारी भांडून झालेली असते. नियम असा की ज्याचा दुसरा चित्रपट मोठा, त्याचा आजचा शब्द मोठा. २०१२ च्या दिवाळीत 'जब तक है जान' आणि 'सन ऑफ सरदार' एकाच दिवशी आले. 'एक था टायगर' हवा असेल तर दिवाळीचा आमचा चित्रपटही घ्या, अशी अट यशराज फिल्म्सने एकपडदा थिएटरांना घातल्याची तक्रार अजय देवगणच्या कंपनीने थेट भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेली. आयोगाने ती फेटाळली. सिमेंट आणि औषधे यांचे व्यवहार तपासणाऱ्या संस्थेला सरदारजीच्या मिशा आणि लंडनमधला बर्फ यांतून वाट काढावी लागली. दोन्ही चित्रपटांनी शंभर कोटींचा टप्पा ओलांडला आणि नुकसान कोणाचे झाले, हा प्रश्न उघडाच राहिला.

महाराष्ट्रात हे भांडण स्पर्धा आयोगापर्यंत जाण्याची पद्धत नाही. इथे त्यासाठी राजकीय पक्ष आहेत. १९७१ साली दादरच्या कोहिनूर थिएटरात देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'पुढे 'सोंगाड्या'ला जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसेनेने लक्ष घातले आणि जागा झाली. २०१३ साली 'चेन्नई एक्स्प्रेस' येणार म्हणून चालू असलेला 'दुनियादारी' उतरवाल तर खबरदार, असे मनसेने बजावले. पाच वर्षांनी 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' आणि 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' हे एकाच दिवशी, ८ नोव्हेंबर २०१८ ला, पाडव्याच्या मुहूर्तावर लागले, तेव्हाही पत्रे गेली आणि चर्चा झाल्या. या प्रकरणात भाकीत करणे अगदी सोपे होते. एकीकडे आमिर खान, अमिताभ बच्चन आणि जहाजे. दुसरीकडे सुबोध भावे आणि रंगभूमीवरची तालीम. भाकीत खरेही ठरले. 'ठग्ज'ने पहिल्या दिवशी पन्नास कोटींहून जास्त गोळा केले, त्या काळचा हिंदीतला विक्रम. दुसऱ्या दिवशी गल्ला जवळजवळ निम्म्यावर आला, कारण तोवर पहिल्या दिवशीचे लोक घरी पोहोचले होते. जहाजे बुडाली, घाणेकरांचे नाट्यगृह मात्र प्रेक्षकांनी भरत राहिले.

राज्याच्या आतले भूगोलही भाकितात धरावे लागतात, आणि ते भूगोल शाळेत शिकवलेले नसतात. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाची सर्किटांत वाटणी आहे. त्यात मुंबई सर्किटमध्ये मुंबईबरोबर गुजरात आणि गोवाही येतात, विदर्भ 'सीपी-बेरार'मध्ये जातो आणि मराठवाडा 'निजाम'मध्ये. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव नकाशावरून गेले, १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. चित्रपट वितरकांना यातले काहीही अजून अधिकृतपणे कळवण्यात आलेले नाही. त्यामुळे परभणीत एखादा चित्रपट चालला, तर 'निजामात चांगली ओपनिंग' अशी बातमी येते, आणि अकोल्यातली गर्दी मध्य प्रांताच्या खात्यावर जमा होते. 'तान्हाजी' १० जानेवारी २०२० ला 'छपाक'समोर आला, तेव्हा मराठी मुलखातून त्याला मोठा जोर मिळाला. तो आकड्यांत शोधायचा तर तीन सर्किटांतून मराठी माणूस वेचून काढावा लागतो.

दिनदर्शिका हे भाकितकाराचे दुसरे हत्यार. ईद, स्वातंत्र्यदिन, दिवाळी, नाताळ, प्रजासत्ताक दिन हे सण आता चित्रपटांच्या नावे आगाऊ आरक्षित होतात. काही तारखा तर पटकथा लिहिण्यापूर्वीच जाहीर होतात. तारखेला गोष्ट नंतर मिळते. पितृपक्षात मोठा चित्रपट सहसा कोणी लावत नाही, कारण त्या पंधरवड्यात नव्याला हात लावायचा नाही हे कोट्यवधींची यंत्रणा बाळगणाऱ्या कंपन्यांनाही पटते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ हमखास पडते. त्या दिवशी लक्ष्मी घरी येणार असते आणि तिच्या स्वागताला घरी थांबायचे असल्याने ती थिएटरकडे फिरकत नाही. पाडवा आणि भाऊबीज यांना भरपाई होते. याखेरीज परीक्षा, क्रिकेट, मुसळधार पाऊस आणि चित्रपटाची लांबी ध्यानात घ्यावी लागते. 'लगान' पावणेचार तासांचा होता, म्हणजे दिवसातला एखादा खेळ कमी. तरीही १५ जून २००१ ला तो 'गदर'समोर उभा राहिला आणि एक चालला तर दुसरा पडणार, या ठाम मताला न जुमानता दोन्ही चालले. त्या शुक्रवारचा दाखला भाकितकार क्वचित देतात.

लक्षणांचा विचार करताना फुकट लक्षणे आणि विकतची लक्षणे वेगळी ठेवावीत. ट्रेलर किती जणांनी पाहिला, गाणे कितींनी ऐकले, तिकिटांच्या अॅपवर 'उत्सुक आहे' या बटणावर किती बोटे पडली, ही सगळी फुकट लक्षणे. बोट ठेवायला पैसे पडत नाहीत, पार्किंग शोधावे लागत नाही आणि पॉपकॉर्नही घ्यावे लागत नाही. ट्रेलर पाहणाऱ्यांपैकी कित्येकांची उत्सुकता ट्रेलर पाहूनच पूर्ण होते. अलीकडे तर ट्रेलरमध्येच सगळी गोष्ट सांगितलेली असते, मग त्यांचाही इलाज नसतो. अॅडव्हान्स बुकिंग हे विकतचे लक्षण, म्हणून ते भरवशाचे मानले जाई. मग लक्षण विकत मिळते तर ते निर्मात्यालाही घेता येईल, ही गोष्ट उद्योगाच्या ध्यानात आली. त्यातून ब्लॉक बुकिंग निघाले. कंपन्या, चाहत्यांची मंडळे आणि चित्रपटाचे हितचिंतक तिकिटे घाऊक घेतात. अॅपवरचा खुर्च्यांचा नकाशा भरलेला दिसतो, आत दिवे मालवल्यावर डोअरकीपर आणि नायक एकमेकांकडे पाहत असतात. एका तिकिटावर एक मोफत ही योजनाही याच घराण्यातली. अशा वीकेंडचे भाकीत करायचे तर प्रेक्षकांच्या इच्छेबरोबर निर्मात्याच्या बँक खात्याचाही अंदाज लागतो.

या बाबतीत जुना ब्लॅकवाला सगळ्यांत शास्त्रशुद्ध होता. 'दस का बीस' म्हणत उभा राहणारा हा इसम स्वतःचे पैसे घालून तिकिटे उचलत असे. अंदाज चुकला तर खेळ सुरू होताना त्याच्या हातात दहाची तिकिटे पाचाला उरत. भाकिताची किंमत भाकितकाराने त्याच संध्याकाळी रोख मोजायची ही पद्धत त्याच्यानंतर या क्षेत्रात कोणी स्वीकारलेली नाही. मल्टिप्लेक्सने त्याला घालवले आणि त्याची कल्पना मात्र ठेवून घेतली: मागणी वाढली की आता तिकिटाचा दर खिडकीवरच वाढतो.

सध्याचा भाकितकार ट्रेड अॅनालिस्ट म्हणून ओळखला जातो. पूर्वी तो 'फिल्म इन्फर्मेशन' किंवा 'ट्रेड गाइड' अशा साप्ताहिकांतून वितरकांपुरते बोलत असे. आता तो समाजमाध्यमांवर सर्वांशी बोलतो, आणि कधी कधी संपूर्ण चित्रपटाचा निकाल एका शब्दात लावतो. त्याची भाषा पंचांगातल्या पर्जन्यविचारासारखी असते. तिथे नक्षत्राचे वाहन म्हैस असेल तर पाऊस भरपूर आणि कोल्हा असेल तर ओढ. इथे नक्षत्राच्या जागी सण आणि वाहनाच्या जागी नायक. 'मास सर्किटमध्ये जोरदार, मेट्रोत मध्यम, तोंडी प्रसिद्धीवर पुढचे अवलंबून' या वाक्यात न बसणारा चित्रपट अजून निघायचा आहे. दोन चित्रपटांची टक्कर असेल तर 'दोघांनाही पुरेशी जागा आहे' असे एक वाक्य जोडतात. दोन्ही निर्मात्यांशी संबंध राखण्याची ही सर्वमान्य रीत होय.

शास्त्रीय पद्धतीने हे काम करण्याचा मान हॉलीवूडकडे जातो. १९७८ साली जो फॅरेल आणि कॅथरीन पॉरा यांनी नॅशनल रिसर्च ग्रुप काढला. लोकांना फोन करून विचारायचे: अमुक चित्रपट येतोय हे माहीत आहे का, पाहावासा वाटतो का, आणि येणाऱ्यांपैकी पहिली पसंती कशाला? उत्तरे देणाऱ्यांचे चार भाग करायचे, पंचविशीच्या आतले आणि बाहेरचे, पुरुष आणि स्त्रिया. मानवजातीची याहून आटोपशीर वाटणी मनूलाही सुचली नव्हती. मुंबईत ऑरमॅक्स मीडिया हेच काम आपल्याकडच्या प्रेक्षकांवर करते आणि पहिल्या दिवसाचा आकडा प्रदर्शनापूर्वी काढून देते. मग संगणकवाले आले. २०१० मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेतल्या दोघा संशोधकांनी २४ चित्रपटांवरची जवळपास २९ लाख ट्वीट तपासली आणि त्यांच्या वेगावरून ओपनिंगचा चांगला अंदाज येतो असे दाखवले. २०१३ मध्ये गुगलने जाहीर केले की चार आठवडे आधीचे ट्रेलरचे शोध, हंगाम आणि हा जुन्या चित्रपटाचा पुढचा भाग आहे की नाही, एवढे धरले तरी ९४ टक्के अचूकता साधते. ज्या चित्रपटाबद्दल जास्त लोक बोलतात त्याला जास्त लोक जातात, हे अशा रीतीने निर्विवाद सिद्ध झाले. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला हे माहीत होते, पण त्याच्याकडे विदा नव्हती.

भाकितावर पैसे लावायची कल्पना निघाली, तेव्हा प्रकरण अमेरिकन कायदेमंडळात गेले. १९९६ पासून हॉलीवूड स्टॉक एक्स्चेंज नावाचा खेळ चालू होता. खोट्या डॉलरांनी चित्रपटांचे शेअर घ्यायचे; प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला असे २० लाख डॉलर मिळत, आणि ज्यांना आयुष्यात एरवी कोणी काही दिले नाही ते रात्र रात्र जागून सौदे करत. या खेळातले भाव ओपनिंगच्या बरेच जवळ जात. २००१ मध्ये कँटर फिट्झजेराल्ड या वित्तसंस्थेने तो विकत घेतला आणि खऱ्या डॉलरांत चालवायचे ठरवले. जून २०१० मध्ये तिकीटबारीच्या गल्ल्यावरच्या वायदेबाजाराला नियामकाची परवानगीही मिळाली. स्टुडिओ हादरले. वितरकाने मुद्दाम कमी पडद्यांवर लावून आपल्याच चित्रपटाविरुद्ध पैसे लावले तर? संकलकाच्या मदतनिसाने शेवट पाहून सौदा केला तर? सिनेमावाल्यांनी एकमेकांबद्दल इतक्या तपशिलाने शंका व्यक्त करण्याची ती दुर्मीळ वेळ होती. जुलै २०१० मध्ये डॉड-फ्रँक कायदा झाला आणि त्यात एका कलमाने चित्रपटाच्या गल्ल्यावरच्या वायद्यांना बंदी आली.

अमेरिकेत कायद्याने वायदेबंदी असलेली याआधीची एकच वस्तू होती, आणि ती कांदा. १९५५ च्या सुमाराला व्हिन्सेंट कोसुगा हा न्यूयॉर्क राज्यातला कांदा-उत्पादक आणि सॅम सीगल हा त्याचा भागीदार, यांनी शिकागोतला जवळजवळ सगळा कांदा गिळला, भाव चढवले, मग भाव पडण्यावर पैसे लावून साठा बाजारात ओतला. मार्च १९५६ मध्ये ५० पौंडांच्या पोत्याला दहा सेंट मिळू लागले; रिकामे पोते त्याहून महाग होते. १९५८ मध्ये कांद्याच्या वायद्यांवर बंदीचा कायदा झाला आणि बावन्न वर्षे कांदा त्या मानाच्या आसनावर एकटा बसून होता. मग शेजारी सिनेमा आला. लासलगावच्या बाजार समितीत उभे राहिलेल्या कोणालाही यात विचित्र असे काही वाटणार नाही. दोन्ही माल नाशवंत, दोन्हींचे भाव अफवेने हलतात, दोन्हींत पिकवणारा सोडून बाकी सगळे कमावतात, आणि दोन्ही उघडल्यावर डोळ्यांत पाणी येऊ शकते. सोने, गहू, डुकराचे मांस, हवामान, व्याजदर या सगळ्यांचे भविष्य अमेरिकेत विकायला मुभा आहे. आर्थिक महासत्तेला झेपले नाहीत ते दोनच.

एवढी साधने हाताशी असूनही ठळक टकरींचे काय झाले ते नमूद करणे आवश्यक आहे. १८ डिसेंबर २०१५ ला 'दिलवाले' आणि 'बाजीराव मस्तानी' समोरासमोर आले. शाहरुख-काजोल जोडी पुढे जाईल हे भाकीत शुक्रवारी खरे ठरले: 'दिलवाले' सुमारे २१ कोटी, 'बाजीराव' सुमारे १३. पुण्यात 'पिंगा' या गाण्यावरून निदर्शने झाली आणि एका चित्रपटगृहाने पहिल्या दिवसाचे खेळ रद्द केले. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील हे भाकीत कोणत्याही इतिहासकाराने केले नव्हते, हे मान्य करायला हवे. अखेरीस 'बाजीराव' देशात १८० कोटींच्या पुढे गेला आणि 'दिलवाले' १५० च्या अलीकडे थांबला. पेशव्यांच्या घोडदळाला वेग घ्यायला तीन दिवस लागले एवढेच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रश्न होता, 'लाल सिंग चढ्ढा' जिंकेल की 'रक्षाबंधन'? आठवडाभर पाने भरून चर्चा झाली. दोन्ही पडले. या शक्यतेसाठी भाकितात रकानाच ठेवलेला नव्हता. दोन दिवसांनी मूठभर हिंदी खेळांसह आलेल्या 'कार्तिकेय २' या तेलुगू चित्रपटाचे खेळ मग रोज वाढवावे लागले.

२१ जुलै २०२३ ला 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' अमेरिकेत एकत्र लागले. बाहुली आणि अणुबॉम्ब यांपैकी लोक एक काहीतरी निवडतील असे गृहीत होते. लोकांनी एकाच दिवशी दोन्हींची तिकिटे काढली. 'ओपनहायमर'साठी जाणकार पाच कोटी डॉलरच्या आसपास बोलत होते, जमले आठ कोटींहून जास्त. 'बार्बी'ने १६ कोटी २० लाख गाठले. भारतात मात्र क्रम उलटा झाला. आयमॅक्सच्या तिकिटांसाठी झुंबड उडाली, पहाटेचे खेळ लावावे लागले आणि भौतिकशास्त्र गुलाबी रंगाच्या कितीतरी पुढे गेले. ज्या देशात घरोघरी एक मूल अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेला बसलेले असते, तिथे हे सुचायला सर्वेक्षणाची गरज नव्हती.

मराठी चित्रपटांची भाकिते फारशी कोणी करत नाही, आणि त्यामुळे ती चुकण्याचे प्रमाणही कमी आहे. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला 'बागी'बरोबर लागला. पहिल्या तीन दिवसांत बारा कोटींच्या घरात गेला, आणि पुढे काही गावांत रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावूनही माणसे मावेनात. जून २०२३ च्या अखेरीस आलेल्या 'बाईपण भारी देवा'ने पहिल्या दिवशी जेमतेम एक कोटी केले आणि दुसऱ्या वीकेंडला पहिल्याच्या दुप्पट. हे सर्वेक्षणात कसे आले नाही? याचे कारण प्रेक्षकवर्गात आहे. पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहणारा तरुण फोन उचलतो आणि मते देतो. भिशीतल्या बारा जणी मात्र आधी नऊवारी ठरवतात, मग कोणाच्या सुनेची सुट्टी आहे ते पाहतात, आणि मग दुसऱ्या रविवारची चोवीस तिकिटे काढतात, कारण तोवर बहिणीही ठरलेल्या असतात. पंचविशीच्या आतल्या-बाहेरच्या चार भागांत सासू आणि सून एकत्र मोजण्याची सोय नाही.

भाकीत चुकल्यावर सोमवारी स्पष्टीकरणे लिहिली जातात. शुक्रवारच्या भाकितात धरलेलीच कारणे इथे उलट दिशेने लावतात. चित्रपट चालला तर सुट्टीचा फायदा झाला. पडला तर सुट्टीत लोक गावाला गेले. नायकाने मुलाखती दिल्या तर प्रसिद्धी उत्तम. 'सैयारा'च्या नव्या जोडीने २०२५ मध्ये प्रदर्शनापूर्वी मुलाखती दिल्याच नाहीत आणि चित्रपट पहिल्याच दिवशी वीस कोटींच्या वर गेला, तेव्हा न देण्याची प्रसिद्धी त्याहून उत्तम असे ठरले. पाठोपाठ काही नव्या चेहऱ्यांच्या निर्मात्यांनी मौन पाळायचे ठरवले. ते पाळले जात आहे हे कोणाला कळले नाही, एवढाच फरक.

राहिला प्रश्न पडताळणीचा. अमेरिकेत वीकेंडचा आकडा स्टुडिओ रविवारी सकाळीच जाहीर करतात. त्यात रविवार धरलेला असतो, पण रविवारचे खेळ अजून व्हायचे असतात. पक्का आकडा सोमवारी येतो. म्हणजे भाकिताची तुलना प्रथम दुसऱ्या भाकिताशी होते. भारतात ही तुलना आणखी उदार आहे. इथे गल्ला जाहीर करणारी कोणतीही सरकारी यंत्रणा नाही. निर्मात्याच्या पोस्टरवर जगभरचा ढोबळ आकडा असतो, ट्रेडची संकेतस्थळे देशातला निव्वळ आकडा देतात, एका संकेतस्थळाचा निव्वळ दुसऱ्याच्या निव्वळपेक्षा वेगळा असतो, आणि वितरकाच्या हाती प्रत्यक्ष काय पडले ते तो आयकर खात्यालाच सांगतो, तेही त्याच्या पद्धतीने. तेरा ते अठरा कोटींचे भाकीत केलेल्या जाणकारासमोर सोमवारी अकरा, चौदा, सतरा आणि एकवीस असे चार आकडे असतात. त्यांतले दोन त्याच्या पट्ट्यात बसतात, आणि तो ते दोन उद्धृत करतो. पुढच्या शुक्रवारच्या चित्रपटाचे अॅडव्हान्स बुकिंग बहुधा आदल्या दिवशीच उघडलेले असते.